वखर उचलायची जागा

आमच्या वावरात गोटा सापडत नाही. कुत्र्याला हाणायचं म्हटलं तरी ढेकूळच उचलावं लागतं. वर काळं, खाली काळं, माणसावर माणूस उभा केला तरी काळंच, आणि त्याच्याही खाली पाणी लागलं तर ते खारं. पूर्णेच्या या अंगाला सगळं असंच, खारपाण पट्टा म्हणतात. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, वर पांढरा थर धरते आणि मग तिथं गवतही उगवत नाही. म्हणून आमचं सारं वरच्या पाण्यावर. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा तेल्हाऱ्याला होती आणि बाप म्हणाला, "तिकडे जाऊन काय करशीन, वावर त अठी हाय." मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. हे लिहून राहिलो ते माझ्याच हातानं लिहून राहिलो. अक्षर वाकडं असेल, पण दुसऱ्याला सांगून लिहून घेणारा मी नाही.

काळी जमीन ज्यानं कसली नाही त्याला आधी ती सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात सुकून आक्रसते आणि फाटते. भेगा अशा पडतात की माझी काठी मुठीपर्यंत आत जाते. बकरीचं पिल्लू त्यात पाय मोडून घेतं. आमच्या गावात सरळ भिंत नाही. नवं घर बांधणारा एक-दोन पावसाळे मिरवतो, मग त्याच्याही भिंतीतून उजेड दिसायला लागतो. लाइनचे खांब असे उभे जसे बाजारातून पिऊन आले. ओली असताना पाय घातला तर चप्पल तिथंच राहते, कोरडी असताना कुदळ मारली तर झिणझिण्या हातालाच. मधे थोडे दिवस असतात, त्याला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं ढकलला की फुटला पाहिजे. तेवढ्यात पेरून घ्यायचं.

आणि साधलं तर मग पाहा. कापूस म्हणा, ज्वारी म्हणा, तूर म्हणा. हरभरा तर पाऊस गेल्यावर पेरायचा. वरून एक थेंब द्यायचा नाही. जमिनीनं पोटात धरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर तो घाट्यांनी लदतो. तांबड्या जमिनीवाले पाहुणे येतात आणि हात लावून पाहतात. मी त्यांना पाहू देतो.

नांगर तर ती स्वतःच स्वतःला घालते. वैशाखात भेगा पडल्या की वरची माती वाऱ्यानं, ढोरांच्या खुरांनी आत पडते. पाऊस आला की भेग मिटते. वरचं खाली गेलं, खालचं वर आलं. पिकाला हे चांगलं, जमीन थकत नाही. पण मला याच गोष्टीनं साऱ्या उमरीत स्वस्थ बसू दिलं नाही.

माझ्या आईचा विळा एकदा भेगेत पडला. मी लहान होतो. बापानं काठी घातली, तार घातली, विळा काही लागला नाही. मग पाऊस आला. आई मरून गेली, माझं लग्न झालं, आणि एका पेरणीच्या आधी तोच विळा वखराच्या पासेला अडकून वर आला. मूठ कुजून गेली होती, पण पात्यावर आमच्या लोहाराची खूण होती. आणि पडला तिथं आला नाही. पडला होता वरच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, निघाला मधोमध. बापानं तो हातात धरून उलटासुलटा केला आणि एवढंच म्हणाला, "आतल्या आत चालते, पाह्य, ही." आम्ही दोघांनीही मग खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

खालच्या कोपऱ्यात माझी मुलगी आहे.

आमचं पहिलं लेकरू. बसायला लागली होती, खालचा एक दात आला होता. वैशाखात ताप आला आणि अकोल्याला न्यायच्या आधीच गेली. लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावाची जागा नाल्याकाठी होती, पण नाला दर पुरात काठ खात होता. बाप म्हणाला, "आपल्या वावरात ठेवू. आपल्या नजरेत राहीन." बायांनी जायचं नसतं. माझ्या बायकोनं आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला आणि दारातच उभी राहिली. आम्ही बापलेक गेलो. जमीन अशी तापलेली की पहार मारली तर ठण्ण वाजायची. बापानं भेगा पाहून पाहून, त्यांच्या मधे एक अखंड जागा शोधली. खणलं, ठेवलं, लोटलं.

मी गोटा आणायचा म्हणत होतो. नदीतून आणता आला असता. बाप म्हणाला, "या मातीत गोटा जागेवर राह्यत नाही, लेका. उद्या दुसरीकडेच दिसन आन तू तठीच हात जोडत बसशीन. गोटा नको. तू वखर उचलत जा."

वखर म्हणजे बैलांच्या मागं ओढायचं लाकडी अवजार, खाली लोखंडी पास असते, ती माती वरवर खरडत जाते. मागं रुमणं धरून माणूस चालतो. ती जागा आली की रुमणं वर ओढायचं, पास जमिनीवरून उचलली जाते, तीन पावलं तसंच चालायचं, पुन्हा खाली सोडायचं. बस. एवढंच त्या जागेचं चिन्ह. पुढं दर वखराला, दर डवऱ्याला, दर पेरणीला मी तेवढं उचललं. पहिल्यांदा मोजून उचलत होतो, बाभळीच्या सरळ रेषेत, खांबाच्या इतकं अलीकडे. नंतर मोजायचं सोडलं. बैलांनाही कळलं होतं. तिथं आले की आपोआप मंद व्हायचे, कान मागं टाकायचे. ती जोडी गेली, दुसरी आली, दुसरीही एका हंगामात शिकली. त्यांना कोणी सांगितलं?

बायकोनं मला कधी विचारलं नाही की नेमकं कुठं. मी सांगितलं नाही. निंदायला, वेचायला ती त्याच वावरात सारा दिवस वाकलेली असायची.

आणि मी, लाज काय करायची, दर वैशाखात दुपारी एकटा तिथं जायचो. ढोरं सावलीला, माणूस नाही, वावर तापून सुन्न. अशा वेळी काळी जमीन आवाज करते. भेगेच्या काठावरचं ढेकूळ सुटतं आणि आत पडतं, टप. मग थोडं थांबून आणखी खाली, टप. तुम्ही उभे असता आणि तुमच्या पायाखाली खूप खाली काहीतरी पडत जातं. मी प्रत्येक भेगेत वाकून पाहायचो. मला हिरवा रंग दिसेल असं वाटायचं. दिसू नये म्हणून पाहायचो, आणि पाहिल्याशिवाय राहवायचंही नाही. एकदा आत ओलं काहीतरी चमकलं. बेडूक होता. पावसाची वाट पाहत बसला होता, तिथं खाली, गारव्याला.

मग ट्रॅक्टर आला. माझे गुडघे गेले, बैल विकले, वावर मुलाच्या हातात गेलं. मुलगा वाईट नाही. पहिल्या वर्षी मी धुऱ्यावर उभा राहून ट्रॅक्टरवाल्याला हात केला, तठी उचल म्हणून. त्यानं उचललं. म्हणाला, "बावाजी, खाली धन गाडून ठेवलं काय?" मी म्हटलं, "हो, तुह्या बापाचं." दुसऱ्या वर्षी दुसरा ट्रॅक्टरवाला, त्याच्या कानात गाणी. मी हात करत राहिलो आणि तो हसून मला उलट हात करून गेला. तणनाशक आलं. वावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साफ, एकसारखं काळं.

परवाच्या उन्हाळ्यात मुलानं शेततळ्याचं काढलं. आमची सून चांदूर बाजाराकडची, संत्र्याच्या बागेतली, गोड्या पाण्याची. लग्न होऊन आली तेव्हा पहिला घोट घेतला आणि सासूला म्हणाली, "आई, भांड्यात मीठ राह्यलं वाटते." इतकी वर्षं झाली तरी तिला हे पाणी सोसलं नाही. ती आणि मुलगा मिळून ठरवून बसले की पावसाचं पाणी साठवायचं. गोष्ट खरी होती. काळ्या मातीला प्लास्टिक लागत नाही, फुगली की पाणी धरून ठेवते. ऐन घाटे भरताना हरभऱ्याला एक पाणी मिळालं तर दुप्पट नाही म्हणत, पण फरक पडतो. कृषी खात्याचे साहेब आले, वावर पाहिलं, उतार पाहिला, आणि खालच्या कोपऱ्यात चुन्याच्या रेघा मारून गेले. साऱ्या वावराचं पाणी तिथंच उतरतं, दुसरीकडे खणून उपयोग नाही, हे मलाही समजत होतं.

मी रात्रीच्या जेवणावर म्हटलं, "तठी नाही खणायचं."

मुलगा घास घेता घेता थांबला. बहीण होती आणि गेली, एवढं त्याला लहानपणापासून माहीत होतं. कुठं आहे ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, मी काय तिले उकरून काढीन काय? तुमी जागा दाखवा. तेवढी सोडतो. रेघा इकडच्या तिकडे करतो. जेसीबी सोमवारी येते."

"दाखवतो," मी म्हटलं. "त्यात काय."

सकाळी काठी घेऊन गेलो, ताठ चालत. आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो तर मला काहीच समजेना. बाभूळ कधीच तोडली. खांब एकदा पडला होता, लाइनवाल्यांनी पुन्हा गाडला तो कुठं गाडला कोणास ठाऊक, आणि आता तोही कलला. नाल्यानं वळण बदललं. धुरा दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळून खाली सरकलेला. ज्या ज्या गोष्टींवरून मी माप धरायचो त्या साऱ्या हलल्या होत्या. बापानं गोटा ठेवू दिला नाही, पण बाकीचं सारं गोट्यासारखंच निघालं.

मी एका जागी खुंटी ठोकली. "अठी."

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर मनाला पटेना. खुंटी उपटली आणि बरीच पलीकडे ठोकली.

मुलगा म्हणाला, "काल त तिकडे होती."

"काल डोळ्यावर ऊन होतं."

"आज काय ढग आले?"

"तू मले शिकवू नको बे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. तसं मी माझ्या बापाकडे पाहत होतो, त्याच्या शेवटच्या दिवसांत, जेव्हा तो भरलेल्या लोट्यातून रिकाम्या लोट्यात पाणी ओतून पुन्हा उलट ओतायचा.

त्या दिवसांत मला जेवण जाईना. सारखी जेसीबीची बकेट दिसायची. दात असलेली, काळ्या मातीनं भरलेली, वर उचलली जाते आणि एका बाजूनं हिरवी चिंधी लोंबते. डोळे मिटले तरी तेच, उघडे ठेवले तरी तेच. दुपारी ओसरीत पडलो की घराच्या भिंतीतल्या भेगेतून आवाज यायचा, टप, आणि मी उठून बसायचो. भिंतीतलीच माती असते ती. मला माहीत आहे.

रविवारी सकाळी मी वखर काढला. गोठ्याच्या आढ्याला टांगलेला होता, चिमण्यांनी वर घरटं केलेलं. पासेला गंज चढला होता, ती विटेनं घासली. मग शेजारच्या वावरवाल्याकडे गेलो. तो माळी, माझ्याच वयाचा, भाजीपाला लावतो, पावसाचं हौदातलं पाणी लोट्या-लोट्यानं देऊन वांगी काढतो. गावातली शेवटची बैलजोडी त्याच्याकडे. आमचं बोलणं आणि भांडणं एकच असतं.

"बैल दे."

"काहून? ट्रॅक्टरवाल्यानं हाकलून देल्लं काय?"

"सकाळपुरते दे. विचारू नको."

"तुह्या हातात बैल देऊ? तुह्यानं धोतर सावरत नाही, बुढ्या. मी येतो संग. बैलं माह्ये हायेत, कुठी पडला त तुले उचलाले कोणी पाह्यजे."

मुलगा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. त्यानं मला अडवलं नाही. माझी बायको घरून पाण्याची गडवी घेऊन आली आणि निंबाखाली बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मी चुन्याच्या रेघांच्या पलीकडून तास, म्हणजे वखराची ओळ, धरला. माझा विचार साधा होता. डोकं विसरलं असेल, हात विसरले नसतील. इतकी वर्षं हातांनीच उचललं, डोक्यानं नाही. आपण फक्त चालायचं, जागा आली की रुमणं आपोआप वर येईल.

नाही आलं. एक तास गेलो, परत आलो. दुसरा तास. भेगांवरून वखर आदळायचा, ढेकळं फुटून उडायची. मी साऱ्या अंगानं वाट पाहत होतो, आता उचलेल, आता उचलेल. प्रत्येक पावलाला वाटायचं हीच असेल, आणि वाटलं म्हणून उचललं तर ते माझंच उचलणं असायचं, हातांचं नाही. ते लगेच समजायचं. बैलही परके. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. घाम डोळ्यांत जाऊन मला रेघा दिसेनात. अर्धा कोपरा संपला. माझ्या मनात आलं, मी तिच्यावरूनच गेलो असेन. एकदा नाही, दोनदा.

माळी बाजूनं चालत होता. त्याचं तोंड बंद राहत नाही. म्हणाला, "तास पाह्य तुहा. सापानं काढला असा तास. तुह्या बापानं पाह्यला असता त तुले वखराले जुंपलं असतं."

"माह्या बापाचं नाव घेऊ नको."

"घेईन. तुह्या बापासंग मी वखर हाकलेला हाय. थो माणूस होता. तू त नुसता ताठा हायेस, लाकडाचा. त्याचा हरभरा आन तुहा हरभरा, जमीन आसमानचा फरक."

"अबे! तुह्या वांग्याले भोकं किती ते पाह्य आधी! पूर्ण तेल्हाऱ्याचा बाजार तुह्या वांग्यातल्या अळ्या खाऊन राह्यला आन तू मले हरभरा शिकवून राह्यला? माह्या बापानं तुले त्या दिवशी वावरात काहून घेतलं नव्हतं, सांगू काय? सांगू काय पोराच्या समोर?"

"सांग ना! सांग!"

"तू त्या दिवशी..."

आणि वखर हलका झाला.

मी माळ्याकडे मान करून होतो, तोंड उघडं होतं, बोट त्याच्याकडे रोखलेलं होतं. एकाच हातात रुमणं होतं. आणि तो हात वर होता. पास जमिनीवरून उचललेली, तिच्यातून माती गळत होती. बैल चालत होते. एक, दोन, तीन पावलं, आणि हात आपला आपण खाली आला, पास मातीत बसली.

मी बैलांना थांबवलं. माळी पुढचं बोलायला निघाला होता, तेवढ्यात त्यानं माझं तोंड पाहिलं. त्यानं टोपी काढली. त्याला तेव्हाच समजलं मी काय करून राहिलो होतो ते.

निंबाखालून बायको उठली होती. ती सरळ आली, भेगांवरून पाय टाकत, मी मागं पाहिलं तेव्हा ती तिथं उभी होती, जिथं पास उचलली होती तिथंच, अगदी त्याच तीन पावलांत. मी सांगायच्या आधी.

"हेच," ती म्हणाली. "अठी कुंदा होता."

कुंदा म्हणजे काळ्या जमिनीतलं गवत. त्याची मुळं छातीइतकी खोल जातात आणि दर वर्षी वखर फिरला नाही तर ते जागा धरतं. मी जिथं वखर उचलत होतो तिथं तो धरणारच. साऱ्या वावरात कुंदा नव्हता, या तेवढ्या जागेत होता. माझ्या डोळ्यांना तो दिसला असेल, पण मी ध्यानात घेतला नाही. मी हातात रुमणं घेऊन बैलांच्या शेपट्या पाहत चालणारा माणूस. ती निंदायला वाकलेली बाई. तिच्या विळ्याखाली तो आला असणार.

"तुले मालूम होतं?"

"पह्यल्याच वर्षी. मी निंदत आली, अठी एवढासा कुंदा. म्हटलं, यांच्या वावरात कुंदा? आन मंग समजलं. मी कदी नाही काढला जी. सारं निंदलं, हे सोडलं. मजूर बाया म्हणे, बाई, अठी राह्यलं. मी म्हणे, राहू द्या."

"मंग इतक्या दिवस सांगितलं काहून नाही? मी खुंट्या ठोकून राह्यलो, पोरगा मले येडा समजून राह्यला..."

"तुमी विचारलं काहून नाही?"

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसली. इतक्या वर्षांत ती त्या जागी हजारदा वाकली असेल, बसली कधी नव्हती. तिनं तळवा जमिनीवर ठेवला आणि पटकन उचलला; जमीन भाजत होती. मग पुन्हा ठेवला आणि तसाच राहू दिला.

जागा चुन्याच्या रेघांच्या आत होती, मधोमध नाही तरी चांगली आत. मुलानं पायानंच जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या खाली सरकवून मारल्या. तळं लहान झालं, तिरपं झालं. साहेब चिडले. मुलगा त्यांना काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. जेसीबी आला तेव्हा मी दिवसभर काठावर बसून होतो. प्रत्येक बकेट वर आली की पाहिली. काळं, काळं, काळ्यातच पिवळट झाक. खाली पांढरे चुनखडीचे खडे निघाले, एवढाले एवढाले, आणि प्रत्येक वेळी मी पुढं वाकलो. दुसरं काही निघालं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, उन्हातून उठा ना." मी उठलो नाही.

त्या पावसाळ्यात तळं भरलं. सुनेनं पहिली घागर भरून आणली, गाळून उकळून चहा केला आणि साऱ्यांच्या तोंडाकडे पाहत बसली. चहा चांगला होता. मी म्हटलं, साखर जास्त झाली.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

काळी जमीन खड्ड्याकडे सरकते. हे मला खणतानाच ठाऊक होतं, पण बोललो नाही, दुसरी जागाच नव्हती. ओली झाली की काठ फुगतो, सुकला की फाटतो, आणि दर खेपेला थोडा थोडा उताराकडे जातो. औंदाच्या वैशाखात तळ्याचं पाणी तळाला गेलं आणि त्या जागेच्या वरच्या अंगानं एक भेग पडली. लांब, तळ्याच्या काठाला धरून, जसं कोणी माप घेऊन कापावं. म्हणजे तो सारा तुकडा, कुंद्यासकट, पाण्याकडे निघाला आहे. कुंदा पुन्हा आला आहे. ट्रॅक्टरवाल्याला आता सून स्वतः उभी राहून उचलायला लावते. आज ना उद्या, माझ्या मागं कधीतरी, काठ ढासळेल आणि माझी मुलगी तळ्यात जाईल. मुलगा म्हणतो, काठाला गवत लावू, दगडं टाकू. मी म्हणतो, कुठली दगडं, लेका? आणि टाकली तरी ती आत जातील. मी कोणावर चिडू? ही माती मीच सारी उमर वाखाणली. तिचा हा गुण नसता तर माझं पीक नसतं.

मी भेगेपाशी उभा राहून ऐकत होतो, टप, थांबून पुन्हा टप, तेव्हा बायको आली. हातात गडवी. तळ्याच्या तळाशी राहिलेलं पाणी तिनं भरून आणलं होतं, गढूळ, पण गोडं.

"काय करून राह्यली?"

"तिनं गोडं पानी पेलं नाही कदी," ती म्हणाली. "माह्या अंगावर प्याची, आन मी खारं पेत होती."

तिनं गडवी वाकवली. पाणी भेगेत गेलं. जमिनीवर थेंबभरही पसरलं नाही, काठ नुसता काळा झाला. आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. पाणी खाली जातानाचा आवाज खूप वेळ येत होता, आडवा जात असल्यासारखा, तळ्याकडे नाही, वरच्या अंगाला, हरभऱ्याच्या वावराकडे. मला तसं वाटलं. बायकोला विचारलं, "कुठी चाललं वाटते?"

"चालू द्या," ती म्हणाली, आणि दुसरी गडवी भरायला खाली उतरली.